परक्या मुलखातली गढी आणि मराठा पलटणीचा पहारा



चौथीच्या वर्गाला शिकवणाऱ्या आपल्या सगळ्यांचा एक आवडता विषय म्हणजे शिवछत्रपतींचा इतिहास. तळेघरसारख्या डोंगरी भागात हा विषय शिकवताना तर वेगळाच उत्साह असतो, कारण शिवनेरी आपल्या शेजारच्याच तालुक्यात आहे. घोडेगावमार्गे जुन्नर गाठायचं आणि गडाच्या पायऱ्या चढायच्या, ही सहल आमच्या मुलांना वर्षभर पुरते.

अशाच एका सहलीतली गोष्ट आधी सांगते. गड बघून आम्ही उतरत होतो. एक मुलगा मागे राहिला म्हणून मी परत वर गेले. पाहते तर हा एका जुन्या भिंतीवर अणकुचीदार दगडाने स्वतःचं नाव कोरत होता. पहिली दोन अक्षरं कोरून झाली होती. मी ओरडले. तो घाबरला, पण खाली उतरताना हळूच म्हणाला, "बाई, हा गड तर आपलाच आहे ना? मग आपलं नाव लिहिलं तर काय बिघडलं?"

खरं सांगते, मला त्या क्षणी नीट उत्तर देता आलं नाही. "असं करायचं नसतं" एवढंच म्हणाले. आपण बहुतेक वेळा एवढंच म्हणतो. सहलीआधी मी मुलांना डबा, पाण्याची बाटली, टोपी सगळं सांगितलं होतं. भिंतीला हात का लावायचा नाही, हे मात्र सांगितलं नव्हतं. म्हणजे चूक त्याच्याइतकी माझीही होती.

उत्तर शोधता शोधता मला एक गोष्ट सापडली. ती आपल्या गडांची नाही, दूर इटलीतल्या एका गढीची आहे. पण तिच्यात माणसं आपली आहेत. ती गोष्ट वर्गात सांगितली आणि त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर मिळालं. तुम्हालाही वर्गात उपयोगी पडेल, म्हणून इथे सविस्तर देते.

मराठा सैनिक इटलीत कसे पोहोचले?

दुसरं महायुद्ध १९३९ ते १९४५ या काळात झालं. तेव्हा आपला देश इंग्रजांच्या ताब्यात होता, त्यामुळे भारतीय सैनिकांना त्यांच्या बाजूने लढावं लागलं. इटलीच्या रणभूमीवर भारतीय सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या अशा तीन डिव्हिजन लढल्या. सुमारे ५०,००० भारतीय सैनिक तिथे गेले आणि त्यातले पाच हजारांहून अधिक परत आले नाहीत.

या सैन्यात आपल्या मराठा पलटणी होत्या. आज जिला आपण मराठा लाइट इन्फन्ट्री म्हणतो तिची परंपरा १७६८ पासूनची आहे, आणि तिचं केंद्र बेळगावला आहे. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, पुणे, नगर अशा भागांतली शेतकऱ्यांची मुलं या पलटणींत भरती होत. त्यातल्या कित्येकांनी भरतीआधी आपला तालुकाही ओलांडला नसेल.

दोन नावं मुलांना जरूर सांगा. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर गोळ्यांच्या वर्षावात जखमी साथीदारांना पाण्यातून ओढून आणलं आणि शत्रूच्या मशीनगनच्या चौक्या मोडून काढल्या. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जाधव हे आठव्या डिव्हिजनमधल्या मराठा बटालियनचे. आपली गोष्ट याच आठव्या डिव्हिजनची आहे.

गढीत नेमकं होतं तरी काय?

इटलीत फ्लॉरेन्स नावाचं शहर आहे. चित्रं, मूर्ती, जुने पूल आणि जुन्या इमारती यांसाठी ते जगभर ओळखलं जातं. तिथल्या उफीझी संग्रहालयात पाचशे-सातशे वर्षांपूर्वीची चित्रं आहेत. युद्ध सुरू झाल्यावर तिथल्या अधिकाऱ्यांना काळजी पडली की शहरावर बॉम्ब पडले तर या चित्रांचं काय होणार? मग त्यांनी चित्रं उतरवली, गाड्यांमध्ये घातली आणि आसपासच्या खेड्यांतल्या गढ्या, वाडे, मठ अशा ठिकाणी नेऊन ठेवली. शहर धोक्याचं आणि खेडं सुरक्षित, असा तो सरळ हिशोब होता.

अशीच एक जागा होती मोंतेगुफोनी. फ्लॉरेन्सच्या नैऋत्येला टेकड्यांमध्ये मध्ययुगातली ही गढी आहे. मुलांना समजावताना मी 'गढी' हाच शब्द वापरते, कारण हा काही शिवनेरीसारखा डोंगरी किल्ला नाही. जुन्या सरदाराचा तटबंदीचा वाडा, मध्ये चौक आणि वर उंच मनोरा, असं तिचं रूप आहे. मूळची ती आच्चायोली नावाच्या घराण्याची. १९०९ मध्ये सिटवेल या इंग्रज कुटुंबाने ती विकत घेतली.

या गढीत दोनशेहून अधिक चित्रं ठेवली होती. त्यात जोत्तो, चिमाबुए, उच्चेलो अशा मोठ्या चित्रकारांची चित्रं होती आणि सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे बोत्तिचेल्लीचं 'प्रिमाव्हेरा', म्हणजे 'वसंत'. साधारण १४८० च्या सुमाराला, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दीडशे वर्षं आधी, लाकडी फळ्यांवर रंगवलेलं हे चित्र आहे. लांबी तीन मीटरपेक्षा जास्त आणि उंची दोन मीटर. आपल्या वर्गाच्या फळ्याशी तुलना केली की मुलांना आकार लगेच कळतो. चित्रात संत्र्याच्या झाडांची राई आहे, नऊ माणसं आहेत आणि पायाखाली शेकडो फुलं आहेत. चित्रकाराने ती इतकी बारकाईने काढली आहेत की वनस्पतीशास्त्राच्या अभ्यासकांना त्यातली कित्येक ओळखता आली. भीमाशंकरच्या जंगलात कारवी फुलली की आमची मुलं जशी एकेक फूल ओळखतात, तसंच.

युद्धच गढीच्या दारात आलं

पण हिशोब चुकला. जून १९४४ मध्ये रोम शहर दोस्त सैन्याच्या हाती आलं आणि जर्मन सैन्य लढत लढत उत्तरेकडे मागे सरकू लागलं. त्यामुळे लढाई शहरांपुरती राहिली नाही. जी खेडी सुरक्षित वाटली होती ती ऐन रणांगणात सापडली. तोफगोळे टेकड्यांवर पडू लागले. गढीच्या तळघरात आसपासचे गावकरी जीव मुठीत धरून लपले होते आणि वरच्या दालनांत भिंतींना टेकून चित्रं उभी होती. त्यातली बरीच चित्रं खोक्यांतही बंद नव्हती.

इथे एका माणसाचं नाव सांगायलाच हवं. चेझारे फासोला हे उफीझी संग्रहालयाचे ग्रंथपाल. चित्रांचं काय झालं असेल या काळजीने ते फ्लॉरेन्सहून पायी निघाले. दोन्ही बाजूंच्या सैन्यांमधून वाट काढत मोंतेगुफोनीला पोहोचले आणि तिथेच राहिले. त्यांच्या हातात शस्त्र नव्हतं, शिपाई नव्हते. जे सैन्य येईल त्याला विनवण्या करून चित्रांना सांभाळायला सांगायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं.

मराठ्यांच्या आधी गढीत जर्मन सैनिक मुक्काम करून गेले होते. बहुतेक चित्रं वाचली, पण सगळी नाही. घिरलांदायो या चित्रकाराचं एक मोठं गोल चित्र टेबलासारखं वापरलं गेलं होतं. त्यावर चाकूचे चरे उमटले होते आणि सांडलेल्या खाण्यापिण्याचे डाग पडले होते. लक्षात घ्या, त्या सैनिकांनी चित्राचा राग म्हणून हे केलं नाही. त्यांना बसून जेवायला सपाट जागा हवी होती, समोर एक फळी दिसली, बस्स. जुन्या वस्तूंचं नुकसान बहुतेक वेळा असंच होतं. त्यामागे वैर नसतं, बेफिकिरी असते.

आणि मराठे आले

जुलै १९४४ च्या अखेरीस आठवी भारतीय डिव्हिजन फ्लॉरेन्सच्या दिशेने पुढे सरकली आणि मराठा पलटणीचे जवान मोंतेगुफोनीच्या गढीत उतरले. त्याच सुमाराला एरिक लिंकलेटर हे स्कॉटिश लेखक आणि बीबीसीचे वार्ताहर विनफर्ड व्हॉन-थॉमस तिथे पोहोचले. गढीच्या दालनांत शिरल्यावर समोर जे उभं होतं ते पाहून दोघे थक्क झाले. 'प्रिमाव्हेरा' त्यांच्यासमोर होतं. लिंकलेटर यांनी हा प्रसंग पुढे १९४७ च्या आपल्या पुस्तकात लिहिला. बाहेर तोफा, आत बोत्तिचेल्ली आणि आजूबाजूला सातारा-कोल्हापूरकडचे जवान, असं ते दृश्य होतं.

मग गढीवर पहारा बसला. दालनांत विनाकारण कुणी शिरायचं नाही, चित्रांना हात लावायचा नाही. पुढे कलावस्तूंच्या रक्षणाची जबाबदारी असलेले दोस्त सैन्याचे अधिकारी तिथे आले आणि चित्रं सुखरूप असल्याची खात्री झाली. भारतीय जवान आणि हे चित्र एकत्र दिसणारी त्या वेळची छायाचित्रंही आहेत.

'नुसता पहारा दिला, त्यात काय मोठं?' असं मुलं विचारतात. माझ्या वर्गातही विचारलं. तेव्हा मी आमच्या भागातल्या एका निवृत्त सुभेदारांना शाळेत बोलावलं. ते म्हणाले, "पोरांनो, लढाईत अंगात जोश असतो. पहाऱ्यात तो नसतो. दोन तास उभं राहायचं, चार तास विश्रांती, परत दोन तास. झोप येते, पाऊस येतो, घरची आठवण येते. तरी जागचं हलायचं नाही. ज्याची राखण करतोय ते काय आहे हे शिपायाला कधी कळतं, कधी कळतही नाही. पण राखायचं म्हणजे राखायचं." वर्ग एकदम शांत झाला होता.

आता त्या जवानांचा विचार करा. युद्धात खिडक्या-दारं, फर्निचर, लाकूडफाटा जे हाती लागेल ते जळणाला वापरलं जातं. 'प्रिमाव्हेरा' ही तर चांगली मोठी, वाळलेली लाकडी फळीच होती. ती गढी त्यांची नव्हती. ते चित्र त्यांच्या देवाधर्माचं नव्हतं. ज्या राज्यासाठी ते लढत होते तेही त्यांचं नव्हतं. तरी त्यांच्या मुक्कामात ती गढी आणि आतला ठेवा शाबूत राहिला.

बाकीच्या ठेव्याचं काय झालं?

सगळीकडे असं घडलं नाही. मोंतेगुफोनीजवळच्याच मोंतान्याना नावाच्या ठिकाणी ठेवलेली शेकडो चित्रं जर्मन सैन्याने उत्तरेकडे नेली. ती युद्ध संपल्यावर सापडली आणि जुलै १९४५ मध्ये फ्लॉरेन्सला परत आली. ऑगस्ट १९४४ च्या सुरुवातीला फ्लॉरेन्स सोडताना जर्मनांनी नदीवरचे पूल उडवले. फक्त 'पोन्ते वेक्यो' म्हणजे 'जुना पूल' तेवढा राहिला.

या युद्धात इतकं काही नष्ट झालं की त्यानंतर जगाने नियम केले. १९५४ मध्ये हेग इथे करार झाला. लढाई चालू असली तरी ऐतिहासिक वास्तू, संग्रहालयं आणि ग्रंथालयं जपायची, त्यांचा लष्करी कामासाठी वापर टाळायचा, असं त्यात ठरलं. अशा वास्तूंवर निळ्या-पांढऱ्या ढालीची खूण लावतात. भारताने हा करार १९५८ मध्ये मान्य केला. मोंतेगुफोनीत पहारा देणारे जवान उभे होते तेव्हा हा करार झालेला नव्हता, हे मुलांना आवर्जून सांगा.

आपल्या गडांशी याचा काय संबंध?

संबंध आहे आणि तो थोडा बोचरा आहे. १८१८ च्या इंग्रज-मराठा युद्धात जुन्नर परिसरातले गड इंग्रजांच्या हाती गेले, तेव्हा त्यांनी चावंड आणि जीवधनसारख्या गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. पुन्हा कुणी गडाचा आश्रय घेऊन लढू नये हा हेतू. आजही चावंड चढताना तुटक्या पायऱ्यांच्या जागी कातळाला धरून जावं लागतं, ती त्या सुरुंगांची खूण आहे. ज्या सत्तेने आपले गड फोडले त्याच सत्तेच्या सैन्यात, सव्वाशे वर्षांनी, याच मुलखातल्या माणसांनी परक्यांची गढी राखली.

मग आपल्या गडांची राखण कुणी करायची? शिवनेरी हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत आणि १ तमिळनाडूत, जिंजी. शिवनेरी त्या १२ मध्ये आहे. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आपल्या संविधानातल्या मूलभूत कर्तव्यांतही आपला समृद्ध वारसा जपणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे. ते आपण पाठ करून घेतो, पण सहलीच्या दिवशी आठवण करून देत नाही.

कायद्यापेक्षा मुलांना कारण पटतं. म्हणून भिंतीवर नाव कोरल्याने नेमकं काय होतं ते सांगा. जुन्या बांधकामात दगड चुन्याने सांधलेले असतात, वर चुन्याचा गिलावा असतो. गिलाव्याला चरा पडला की तिथून पावसाचं पाणी आत मुरतं. आमच्याकडे पाऊस कसा कोसळतो ते मुलांना वेगळं सांगायला नको. आतला चुना भुसभुशीत होतो, फटीत माती साचते, पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचं बी पडतं आणि मुळं दगड फोडत जातात. दोन अक्षरांच्या चऱ्यापासून ढासळलेल्या भिंतीपर्यंत अशी ही साखळी आहे. हौसेने सिमेंट थापणंही चुकीचं. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं. म्हणून दुरुस्ती जाणकारांनीच करायची. आपण करायचं ते सोपं आहे. हात लावायचा नाही, कचरा टाकायचा नाही आणि दुसऱ्याला टाकू द्यायचा नाही. म्हणजेच पहारा द्यायचा.

वर्गात कसं घ्यायचं?

मी हा पाठ दोन तासिकांत घेतला. तुम्ही तुमच्या सोयीने बदल करा.

१. जगाच्या नकाशावर आपला जिल्हा आणि इटली दाखवा. सैनिक बोटीने गेले, हे सांगून अंतराचा अंदाज मुलांनाच करू द्या.

२. फळ्यावर 'प्रिमाव्हेरा'चा आकार खडूने आखा. मोबाइलवर चित्र दाखवा आणि फुलं शोधायला लावा.

३. 'पहारा' खेळ घ्या. वर्गाच्या कोपऱ्यात मुलांनी केलेली मातीची वस्तू ठेवा. एकेका मुलाने दहा मिनिटं न बोलता, न हलता तिची राखण करायची. नंतर काय वाटलं ते सांगायचं.

४. घरी विचारून या: आपल्या घरात सगळ्यात जुनी वस्तू कोणती? ती कुणी सांभाळली? आमच्याकडे कुणी जुनं जातं सांगितलं, कुणी देवघरातला टाक, तर एका मुलीने धरणात बुडालेल्या जुन्या आंबेगावातून आणलेलं तांब्याचं भांडं सांगितलं. गाव पाण्याखाली गेलं, भांडं राहिलं. वारसा म्हणजे काय, हे समजवायला मला वेगळी व्याख्या द्यावी लागली नाही.

५. सहलीआधी दोन-दोन मुलांची 'पहारेकरी जोडी' करा. भिंतीला कुणी इजा करत असेल तर नम्रपणे सांगायचं, मोठ्या माणसालासुद्धा.

पालकांसाठी एकच विनंती. गडावर मुलांचा फोटो काढताना त्यांना तटावर, तोफेवर चढवू नका. आपण चढवतो, म्हणून ती चढतात.

शेवटी त्या मुलाच्या प्रश्नाकडे

गोष्ट सांगून झाल्यावर मी त्या मुलाला नाव न घेता तोच प्रश्न वर्गाला विचारला, "गड आपलाच असेल तर त्यावर नाव लिहायला काय हरकत आहे?" थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तोच उभा राहिला. म्हणाला, "बाई, त्या शिपायांनी तर त्यांचा नसताना सांभाळला. मग आपला असला तर जास्तच सांभाळायला पाहिजे."

मी त्यावर काही जोडलं नाही. जोडण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

इटलीत मोंतोने नावाच्या गावात २०२३ मध्ये नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक उभारलं गेलं. ते आहे सूर्यघड्याळाच्या रूपात. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं वाक्य त्यावर आहे. तिथल्या लोकांनी आपल्या माणसाची आठवण ऐंशी वर्षांनी जपली. मोंतेगुफोनीची गढी अजून उभी आहे, पर्यटक तिथे राहायला जातात. 'प्रिमाव्हेरा' फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात आहे. पहारा देणाऱ्या जवानांची नावं तिथे कुठल्या चौकटीखाली लिहिलेली नसतात. त्यांनीही भिंतीवर ती कोरली नाहीत.

पुढच्या सहलीला निघण्याआधी ही गोष्ट मुलांना नक्की सांगा. तुमच्या वर्गातले अनुभवही जरूर कळवा.